लाल्याची शिस्त

लाल्यानं पुन्हा देवघरासमोर पाय वर केला, काम उरकलं आणि 'द्या आता शाबासकी' अशा तोंडानं किसनरावांकडे पाहिलं.

किसनराव पोतेरं घेऊन गुडघ्यांवर बसले. नोकरीत होते तेव्हा ते नुसते खोकलले तरी कचेरी चूप व्हायची. रिटायर झाले आणि वीतभर कुत्रंही ऐकेना.

"बस झालं, किसना," माय म्हणाली. रुख्मिणीबाई वयानं पाठीत वाकल्या होत्या, आवाजात नाही. "बंडू निघाला चांदूर बाजारातून. संत्रे उतरवन, माह्या शुद्धीची कॅन उतरवन, अन् जाताना हे ध्यान घेऊन जाईन वावरात. घर हाये का मुतारी?"

"माय, थोडे दिवस..."

"एक घडीबी नाई."

बोलता बोलता तिनं पितळी गडूत पळी बुडवली आणि पुसलेल्या जागेवर सपासप शिंपडली. लाल्यानं ओलं करायचं, किसनरावांनी पुसायचं, मायनं शुद्ध करायचं. अमरावतीच्या त्या घराचा दिवाळीपासून हाच कारभार होता.

लाल्याला बडनेरा स्टेशनावरून उचलून आणलं ते अपेक्षानं, किसनरावांच्या कॉलेजात शिकणाऱ्या लेकीनं. शिकवायचं खातंही तिच्याचकडे. मोबाइल समोर धरून ती बापाला हुकूम सोडायची. "बाबा, वास राह्यला का तो तिथंच जाते. वास काढा." मग किसनरावांनी लिंबू घासलं, सोडा घासला, स्वतःचे गुडघे घासले. मागून माय यायचीच, गडू घेऊन.

मग क्रेट आला, कुत्र्याला ठेवायचा पिंजरा. कुत्रं झोपायच्या जागी घाण करत नाही, असं मोबाइलमधला माणूस छातीठोक सांगत होता. नवी वस्तू घरात आली म्हणून मायनं आधी तिची शुद्धी केली. लाल्या आत गेला, गोल फिरला, हुंगलं आणि तिथंच केलं.

"हा कुत्रा नाई, बाबा," अपेक्षा डोकं धरून म्हणाली. "हा दुसरंच काहीतरी हाये."

बाहेर न्यायचं तर तेही झालं होतं. गेटजवळच्या कडुलिंबाखाली किसनराव साखळी धरून उभे राहायचे. "कर बेटा, कर ना बाप्पा." शेजारचे गच्चीवरून पाहायचे. लाल्या खारी पाहायचा, स्कूटर पाहायचा, जांभई द्यायचा. आणि घरात पाय टाकला की सरळ देवघर.

आता तर वावरच. तिथले कुत्रे रानडुकराच्या मागं धावणारे, अन् हा मिक्सर लावला तरी पलंगाखाली घुसणारा. एक दिवस टिकला नसता. आणि खरं सांगायचं तर किसनरावांनाही करमलं नसतं. बायको वारल्यापासून घरात माय सांगायची, पोरगी समजवायची. किसनरावांचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेणारा हा एकच जीव उरला होता.

दारात पिकअपचा हॉर्न वाजला. वावर सांभाळणाऱ्या बंडूनं संत्र्यांचे कॅरेट उतरवले, कॅन उतरवली आणि आत डोकावला.

"कुठी हाये काका, पाहुणा?"

अपेक्षानं तोंड फिरवलं. किसनरावांनी लाल्याच्या गळ्यात पट्टा घातला. बक्कल काही लागेना. तेवढ्यात मायनं जायच्या वाटेवर एक शेवटची पळी शिंपडली. लाल्याचे कान टवकारले. हिसका मारून तो सुटला, त्या ओल्या थेंबांना नाक लावलं आणि लगेच पाय वर केला.

किसनराव पाहतच राहिले. थेंबांकडे पाहिलं. गडूकडे पाहिलं. मग कॅनकडे. वावरातल्या गाईचं ताजं गोमूत्र, दर आठवड्याला येणारं. आपण वास काढून राह्यलो, अन् माय मागून नवा देऊन राह्यली! लाल्या बिचारा शिस्तीचाच होता. मोरी कुठं आहे ते त्याला रोज शिंपडून दाखवलं जात होतं.

पण हे मायला सांगायचं कोणी? तिनं याच गडूनं किसनरावांचं बारसं केलं, लग्न केलं, बदलीची ऑर्डर आली तर तिच्यावरही शिंपडलं. किसनरावांनी मग घसा खाकरला.

"माय, लिंबाखाली शुद्धी केली का कधी?"

"तिथं कायले?"

"तिथूनच तर हा घरात येते. पायाले लावून सारं आत आणते."

मायनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. "जन्मात पयल्यांदा अकलेचं बोलला पाय," म्हणाली, आणि काठी टेकत जाऊन अख्खा गडू लिंबाच्या बुडाशी रिकामा केला.

किसनरावांनी लाल्याला बाहेर आणून मोकळं सोडलं. लाल्या गेला, हुंगलं, एक चक्कर मारली आणि लिंबाखाली पाय वर केला. चांगला बराच वेळ.

"गुड बॉय!" अपेक्षा किंचाळली. बंडूनं टाळी वाजवली. किसनरावांना रडू की हसू ते कळेना.

माय डोळे बारीक करून पाहत होती. "राहू दे, बंडू. नोको नेऊ त्याले," ती म्हणाली. मग लेकाकडे वळली. "मोबाइल पाह्यले, पिंजरे आणले, लिंबू नासवले. शेवटी गुण कायनं आला?"

"तुह्या शुद्धीनं, माय," किसनराव म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"मंग? तेच तर सांगून राह्यली होती मी. बंडू, आण ती कॅन अंदर. आता एक कोपरा सोडत नाई."

"माय, ऐक तं..." किसनराव मागं धावले.

पण माय भरला गडू घेऊन घरात शिरली होती, आणि लाल्या शेपूट हलवत तिच्या मागं मागं, एकेक खोली पाहून ठेवत.