मिरजेतला चंद्रोदय

मिरजेतल्या एका गच्चीच्या रोखाने दुर्बीण मांडलेली होती. मोदक केव्हाच गार झाले होते. खिडकीबाहेर करडी धूळ पसरली होती आणि वारा नावाची गोष्टच नव्हती. योगिनीचा संकष्टीचा उपास होता.

"राहतेस चंद्रावर," ग्लेन डाबरे हसत म्हणाला, "आणि वाट बघतेस चंद्रोदयाची?" वसईचा ग्लेन तळावर तिच्याबरोबर बर्फ खणायच्या कामाला होता.

"इथे कसला उगवतोय? तिकडे मिरजेत उगवला पाहिजे. आईला दिसला की ती फोन करणार, मग आम्ही दोघी जेवणार."

"आणि नाहीच दिसला तर?"

"तर ती उपाशी झोपते. लहानपणापासून बघतेय. चंद्र पाहिल्याशिवाय घास घेत नाही."

"आणि तू?"

"मीही तिचीच मुलगी."

योगिनीने खिडकीतल्या दुर्बिणीला डोळा लावला. पृथ्वीच्या काळोख्या कडेवर पुण्याचे दिवे आले होते. ती मिरजेचे शोधत होती. तेवढ्यात फोन वाजला.

"उगवलीस गं बाई!" आई म्हणाली. "काय लख्ख दिसतेयस! जेव बघू आता."

योगिनीचा डोळा अजून दुर्बिणीलाच होता.

"मलाही मिरजेचे दिवे दिसतायत, आई. आपली गच्चीसुद्धा दिसेल आता! तूही बस पानावर."

"ही काय, बसलेच."

ग्लेनने न विचारता पहिला मोदक उचलला.

मिरजेवर दुपारपासून दाट ढग होते.