घास उतरेना

राजूरच्या गोजरबाई आठ महिने अंथरुणाला खिळून होत्या. रात्रभर दर अर्ध्या तासाला त्या सुनेला, शालूला, हाक मारायच्या. कधी पाणी दे, कधी कूस बदल, कधी लुगडं बदल. लेक प्रभावती दर रविवारी बदनापूरहून भेटायला यायची आणि तिच्या डोळ्यांत खुपायचं ते फक्त शालूचं खाणं. घाणीचं लुगडं धुऊन झालं, की ही मोरीपाशीच उभ्यानं शिळी भाकर, गूळ, पातेल्याची खरवड, पोराच्या ताटातलं उष्टंसुद्धा तोंडात कोंबायची.

"माय मरणाला टेकली अन् ही सकाळपासून पाचव्यांदा चरून राह्यली," ती भावाला म्हणायची. "जरा माया असती, तर घास उतरला असता का हिला?"

परवा गोजरबाई गेल्या. शेजारणींनी रीतीप्रमाणे पिठलं-भाकर आणली, तर शालू भिंतीकडं तोंड करून, पदर ओढून पडलेली. ताटाकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही. बाया हळहळल्या. प्रभावतीलाही भरून आलं.

"होती गं माया," म्हणत ती घास घेऊन जवळ बसली आणि तिनं हलकेच पदर सारला.


शालू तोंड उघडं टाकून, उशीवर लाळ गाळत, गाढ झोपली होती.