बावीस मेचा बुधवार

बाबांचा सकाळपासून तिसरा फोन आला, तेव्हा मी कणकवलीहून सरळ शिरोड्याला आले. पर्यटकांना द्यायच्या त्यांच्या दोन खोल्यांचं नाताळातलं बुकिंग त्या जुन्या कॉम्प्युटरवरच यायचं आणि कालपासून त्यावर एकही पान उघडत नव्हतं. पडद्यावर एकच ओळ होती, 'तुमचे घड्याळ मागे आहे.' "भिंतीवरच्या घड्याळात नवो सेल घातलंय, तरी ह्येचा आपला तांच," बाबा वैतागून म्हणाले. मी कॉम्प्युटरच्या कोपऱ्यातली तारीख बघितली. बावीस मे, दोन हजार एकोणीस. "बाबा, ही तारीख कोणी बदलली?" "मिया खंय बदललंय! त्या दिसाक वार खंयचो होतो तां बघलंय आणि ओके केलंय." त्यांनी कीबोर्डशेजारची बाटली पुढे सरकवली. कोकमाचं आगळ, आईने रस गाळून भरलेलं शेवटचं. बाटलीवर चिकटवलेल्या चिठ्ठीवर तिच्या अक्षरात तीच तारीख होती. त्याच श्रावणात ती गेली आणि ही बाटली उघडायचा धीर आम्हां दोघांनाही कधी झाला नाही. "माका वाटलेलां आयतवार असतलो," बाबा म्हणाले. "पण बुधवार निघालो. म्हणजे मी हापिसात, आणि तिनां एकटेनच सगळा गाळल्यान." मी तारीख दुरुस्त करायला माउस धरला. बाबांनी बाटलीचं झाकण फिरवलं. "तारीख ऱ्हवांदे गो जरा. ह्या बुधवारी मी घराकडे आसंय. तू नारळ खोव, सोलकढी मी करतंय."