काशाची पळी

क्रीट बेटावर उकरून काढलेल्या काशाच्या पळीबद्दल डॉ. शर्वाणी उकिडवे यांना सुवर्णपदक मिळालं. ते मिळालंच नाही, असं धरून त्या सकाळपासून खड्ड्यात माती चाळत बसल्या होत्या.

"बाई, बघा तरी!" काळदर्शकाच्या पडद्यासमोरून सहकारी पटवेकर ओरडले. "साडेतीन हजार वर्षांमागची ती म्हातारी स्वयंपाकीण अजून चुलीत डोकं घालून पळी शोधतेय. आपण इथून वस्तू काढली की तिथली गायब होते हो!"

"मालकीण काय म्हणतेय?"

"भाषा कुणाला कळतेय? पण बोट दाराकडे आहे."

शर्वाणीबाईंनी चाळण खाली ठेवली आणि संग्रहालयाला अर्ज लिहिला: 'सदर पळी मूळ जागी पुरण्याची परवानगी मिळावी. संबंधित बाईंची नोकरी जाण्याच्या आत, म्हणजे इसवी सनापूर्वी पंधराशेच्या दुपारपर्यंत, निर्णय कळवावा, ही नम्र विनंती.'