प्रयोगाचा रेडिओ

पीएचडी झाल्याशिवाय बोहल्यावर चढणार नाही, असं म्हणता म्हणता पत्रकारितेच्या पोहरकर सरांनी चाळिशी गाठली होती. रेडिओ ऐकून शेतीत काय सुधारणा होते हे तपासायला त्यांनी एक कोरा करकरीत सेट सिहोरा गावच्या तुलाराम या शेतकऱ्याच्या घरी ठेवला. वर्षभराने, अठ्ठ्याहत्तरच्या दिवाळीत, ते वही घेऊन हजर झाले.

"धानाच्या कार्यक्रमाचा काय फायदा झाला?"

"कार्यक्रम कोन आयकते, सर? ज्याच्या घरी पोरीवाले पाहाले येत, त्याच्या घरी आमी रेडिओ नेऊन ठेवला का काम फत्ते! गावातल्या सात पोरायचे लगन जमले."

सरांनी कपाळाला हात लावला.

तुलारामने रेडिओ फडक्यात नीट गुंडाळून त्यांच्या मांडीवर ठेवला.



"आता घेऊन जा, सर. तुमचं एकट्याचंच रायलं."