चमचाभर बडीशेप

“किती देऊ?”

“एक चमचा. चहाचा.”

निन्केने मान वर करून पाहिलं. काउंटरपलीकडे म्हातारा हार्मेन पोस्तेमा उभा होता. हातात औषधाच्या बाटलीएवढी काचेची बरणी. आज त्याला दालचिनी हवी होती. काल त्याने मूठभरसुद्धा नाही, मोजके मनुके नेले होते. त्याआधी चिमूटभर सुंठ. एकदा नेलेली वस्तू तो पुन्हा मागत नसे.

तसं निन्केच्या दुकानात कमी घेण्यात काही गैर नव्हतं. इथे पाकिटं नाहीत, पिशव्या नाहीत. डाळी-धान्यं भिंतीवरच्या काचेच्या नळ्यांत, मसाले डब्यांत. गिऱ्हाइकाने घरून बरणी आणायची, ती आधी रिकामी तोलायची, मग हवं तेवढं भरून घ्यायचं. पण चमचाभर दालचिनीसाठी एवढं सगळं करायचं म्हणजे मागची रांग खोळंबणारच.

“अहो मेनेर पोस्तेमा,” रांगेतून ग्रीतचा आवाज आला. ग्रीतने उभं आयुष्य मासे विकण्यात काढलेलं. तिला हळू बोलता येत नसे. “आम्ही फ्रीसलंडची माणसं कवडीचुंबक खरी, पण तुम्ही आमच्यावरही ताण केलीत! त्यापेक्षा वासच घेऊन जा की. तो फुकट आहे.”

रांग हसली. निन्केलाही हसू आवरेना. हार्मेनने रिकाम्याच बरणीचं झाकण लावलं, पण तो हलला नाही.

“बायकोची चव गेलीय,” तो म्हणाला. “कॅन्सरची औषधं चालू आहेत. सगळं पुठ्ठ्यासारखं लागतं म्हणते. ताट सरकवून देते. म्हणून रोज एकेक वस्तू नेऊन बघतो. एखादी तरी लागेल जिभेला. मोठ्या दुकानात अख्खं पाकीट घ्यावं लागतं. त्याचं करू काय?”

 

ग्रीत रांग सोडून पुढे आली. तिचे कान लाल झाले होते.

“लिंबू दिलंत?”

“दिलं.”

“मोहरी?”

“नुसती जीभ चुरचुरली.”

“मग ताकाची पेज करा. शहाजिरं घालून उकळायची.”

“ताक उकळलं की फाटतं,” मागून एक दाढीवाला तरुण म्हणाला.

“ढवळत राहिलं की नाही फाटत! तू कधी केलीयस का पेज? गप्प बस.”

त्या दिवशी हार्मेनच्या बरणीत दालचिनीऐवजी शहाजिरं गेलं.

मग ती सवयच झाली. हार्मेन दाराशी दिसला की रांग आपणहून त्याला पुढे करी. प्रत्येकाकडे काहीतरी सुचवायला असे. दाढीवाल्याने धुरावलेलं मीठ सुचवलं. शाळेतल्या बाईंनी वाळवलेल्या आंबट चेरी. ग्रीत रोज नवं सांगे आणि बाकीच्यांचं खोडून काढी. दुसऱ्या दिवशी हार्मेन निकाल सांगे. “थुंकून टाकलं.” “जरा हसली, पण खाल्लं नाही.” “मांजराला आवडलं.”

एकदा कुणालाच काही सुचेना, तेव्हा निन्केने चमचाभर बडीशेप दिली. “गरम दुधात उकळा. बर्फावर खेळून गारठलेल्या पोरांना आया देतात ना, तसं.”

दुसऱ्या दिवशी दुकान उघडण्याआधीच हार्मेन पायरीवर उभा होता. थंडीने नाक लाल झालेलं.

“प्यायली!” तो म्हणाला. “कप संपवला! वर विचारते, बडीशेप ना रे ही?”

निन्केने त्याला मिठी मारली. ग्रीत आली, तिने बातमी ऐकली आणि ही युक्ती मूळ आपलीच असल्याचं सगळ्या दुकानाला सांगितलं. कुणी तिला खोडून काढलं नाही.

त्यानंतरही हार्मेन येत राहिला. बायको आता जेवते, असं सांगे, बडीशेप नेई, शिवाय आणखी चमचाभर काहीतरी. आणि वसंतात एका सकाळी तो बायकोला, हिस्केला, घेऊन आला. अंगाने वाळलेली, डोक्यावर लोकरी टोपी, डोळे मात्र मिश्कील. पुढचा पदार्थ कोणता हे ठरवायला ग्रीतने हार्मेनला बाहेर सायकलपाशीच गाठलं. हिस्के एकटीच आत आली. तिने बडीशेपेचा डबा उघडला, नाकाशी धरला आणि हळूच बंद केला.

“दुधात किती छान लागते, नाही?” निन्के म्हणाली.

हिस्केने खिडकीतून बाहेर पाहिलं. हार्मेन दोन्ही हात नाचवत ग्रीतला काहीतरी सांगत होता.

“तुला म्हणून सांगते, पोरी. त्याला कळू देऊ नकोस,” ती म्हणाली. “मला अजून कशाचीच चव लागत नाही. बडीशेप मी ओट्यावर बरणीत पाहिली होती.”

निन्केने विचारलं, “मग तुम्ही खाता कशा?”

“हा माणूस बोटींना वाट द्यायला कालव्यावरचा पूल यंत्राने उचलायचं काम करायचा. दिवसभर पुलावरच्या खोलीत एकटा. घरी आला की ‘हं’ आणि ‘बरं’. मी आजारी पडले आणि तेही बंद झालं. दोघं ताटांपुढे मुक्यासारखे बसायचो, घास कसा उतरणार? आता इथून आला की सुरू होतो. ग्रीत काय म्हणाली, दाढीवाला काय बोलला, कोण कुणावर खेकसलं. नकला करतो गं तो! मी आपली हसत ऐकत बसते, आणि खाली बघते तर ताट रिकामं.”