सगळ्यात आधी हेच वापर

अकरा वाजता भिंतीवरच्या स्क्रीनवर धाकटीचा आकडा होता चारशे बारा. थोरलीचा एकोणीस.

दोघी सख्ख्या बहिणी. पार्सल पोहोचवणाऱ्या एकाच कंपनीत, शेजारशेजारच्या टेबलांवर. गिऱ्हाइकांना उत्तरं द्यायला आता एआय एजंट बसवला होता. कुणी काही विचारलं की तो प्रत्येक टूलपुढे लिहिलेली माहिती वाचायचा आणि कुठलं टूल उघडायचं ते ठरवायचा. ऑर्डरचं टूल थोरलीचं. गाडी कुठवर आली ते सांगणारं धाकटीचं. माहितीही जिची तिने लिहिलेली. एजंटने कुणाचं टूल किती वेळा उघडलं, तो आकडा भिंतीवर. थोरलीने एकच ओळ लिहिली होती: ऑर्डरची माहिती देतं. एवढं हुशार मशीन, त्याला काय घास भरवायचा? धाकटीने मात्र पानभर लिहिलं होतं. थोरलीने ते उघडूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

चार वाजता साहेब सांगणार होते, पुढच्या सगळ्या टूल्सची माहिती कुणाच्या हाताखाली लिहायची. थोरली आठ वर्षं इथे घासत होती. धाकटीला चिकटवलं तेही तिनेच. आणि आता साहेब येता-जाता स्क्रीनपुढे थांबायचे, मान डोलवायचे, धाकटीला विचारायचे, चहा घेतला का. थोरलीला आठ वर्षांत कुणी पाणी विचारलं नव्हतं.

साडेबाराला धाकटी जेवायला खाली गेली. थोरलीने तिची रिकामी खुर्ची पाहिली, खुर्चीवर नीट घडी घालून ठेवलेली शाल पाहिली, आणि डोकंच फिरलं. शालीची घडीसुद्धा हिची सरळ. तिने आपली ओळ उघडली आणि खाली आणखी एक ठोकली: पार्सलबद्दल कुणी काहीही विचारलं तरी सगळ्यात आधी हेच वापर.

एजंट सांगितलेलं ऐकणारा. धाकटी हात पुसत वर आली तोवर एकोणीसचे दीडशे झाले होते. धाकटीचा आकडा बसला तो बसलाच.

ती स्क्रीनकडे बघून हसली. म्हणाली, ताई आज जोरात आहे. मनापासून म्हणाली, तेच जास्त झोंबलं.

"मशीनलाही अक्कल येते कधीतरी," थोरली म्हणाली.

तीनला एका बेकरीवाल्याचा फोन आला. धाकटीने उचलला. त्याचा आवाज शेजारच्या टेबलापर्यंत येत होता. भट्टी दोन दिवस बंद, तिचा पार्ट मागवलाय, आणि तुमचा एजंट छातीठोक सांगतो की पार्ट कालच पोहोचला. दुकानात तर आलेला नाही. मग गेला कुठे? एवढ्यावरून त्याने दुपारीच वीस वर्षं जुन्या कारागिराला चोर ठरवून घरी पाठवलं होतं. आता धाकटीने बघून सांगितलं, गाडी अजून रस्त्यातच आहे.

थोरलीला लगेच कळलं, एजंटने आपलंच टूल उघडलं होतं. ऑर्डरच्या टूलमधली पोहोचायची तारीख ऑर्डर घेतानाच अंदाजाने टाकतात. ऑफिसात हे झाडूवाल्या मावशींनाही माहीत होतं. एजंटला कुणी सांगितलंच नव्हतं.

तिने घाईघाईने धाकटीचं पान उघडलं. एवढं लांबलचक लिहिलंय, एखादी तरी चूक सापडेल. तिसऱ्याच ओळीवर ती थांबली. 'गाडी आत्ता कुठे आहे एवढंच हे सांगतं. ऑर्डर बदलायची, रद्द करायची किंवा काय मागवलंय ते बघायचं असेल तर हे वापरू नकोस. ऑर्डरचं टूल वापर. त्या कामाला तेच चांगलं आहे.'

एजंट प्रत्येक वेळी कारण लिहून ठेवायचा. थोरलीने सकाळचे ते एकोणीस काढले. एकोणीसच्या एकोणीस ठिकाणी एकच कारण: गाडीच्या टूलमध्ये ऑर्डरच्या टूलकडे जायला सांगितलंय.

तिचे कान तापले. कुणी सांगितला होता हिला हा मोठेपणा?

शेजारी धाकटी बेकरीवाल्याला समजावत होती. कारागिराला आधी बोलावून घ्या, हवं तर मी येऊन त्यांची माफी मागते. गाडीचं टूल माझंच आहे, माझंच लिहिणं कुठेतरी गंडलंय. तिने फोन ठेवला. मग तिने आपलं पान उघडलं, वरपासून खालपर्यंत पुन्हा पुन्हा वाचलं आणि स्क्रीन थोरलीकडे वळवली.

"ताई, साहेबांकडे जायच्या आधी एकदा वाच ना," ती म्हणाली. "मी तीनदा वाचलं. मला चूक दिसतच नाहीये."